टॉकीजवर उतरणारे आहेत का?

दारव्ह्याहून आमच्या गावी येणारी एसटी वस्तीत शिरली की कंडक्टर दोन हाळ्या देतो. पहिली “टॉकीज!” आणि दुसरी “स्टँड!” स्टँडवर स्टँड आहे. टॉकीजवर टॉकीज नाही. म्हणजे इमारत आहे, पण गेली वीसेक वर्षं तिच्यात सोयाबीनची पोती मुक्कामाला असतात. तरीसुद्धा “टॉकीजवर उतरणारे आहेत का?” असं कंडक्टरनं विचारलं की निम्मी गाडी उभी राहते. कंडक्टर पंचविशीतला. त्यानं या इमारतीत सिनेमा पाहिलेला असणं शक्य नाही. पण देव गेला तरी देवळाचा थांबा राहतो, तसं हे आहे.

आणि हे काही आमच्याच गावाचं वैशिष्ट्य नव्हे. अमरावतीला जा. राजकमल चौक, श्याम चौक, चित्रा चौक असं विचारत विचारत तुम्ही अख्खं शहर पालथं घालाल आणि आपण सिनेमाच्या जुन्या जाहिरातीतून फिरलो हे तुमच्या लक्षातही येणार नाही. नागपुरात व्हरायटी चौक आहे, पंचशील चौक आहे. थोर पुरुषांची नावं चौकांना द्यायला ठराव करावे लागतात, पाट्या लावाव्या लागतात, आणि एवढं करून रिक्षावाल्याला ते नाव ठाऊक नसतं ते नसतंच. टॉकीजचं नाव मात्र ठरावाशिवाय चिकटतं आणि खरवडून निघत नाही.

आमच्या टॉकीजला स्वतःचं नाव होतं. दर्शनी भिंतीवर ते सिमेंटच्या अक्षरांत कोरलेलंही होतं. पण गावात टॉकीज एकच असल्यामुळे ते घ्यायची कधी कुणाला गरज पडली नाही. ‘टॉकीज’ म्हटलं की झालं. बायको एकच असली की तिला जसं ‘अहो ऐकलंत का’वर भागवता येतं, तसंच.

या टॉकीजचं पुनरुज्जीवन करावं ही कल्पना माझी. ती मला मुंबईत सुचली, आणि मुंबईत सुचलेल्या कल्पना यवतमाळ जिल्ह्यात आणू नयेत हे मला वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. झालं असं, की मुलाकडे गेलो असताना त्यानं मला रॉयल ऑपेरा हाउस दाखवायला नेलं. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्‌घाटन झालेली ही वास्तू. नाव ऑपेराचं, पण पुढे तिचंही सिनेमाचं थिएटर झालं. १९९३ साली ते बंद पडलं आणि तब्बल तेवीस वर्षं बंद राहिलं. २०१६ साली गोंडलच्या राजघराण्यानं, म्हणजे मालकांनी, ते नीट डागडुजी करून पुन्हा उघडलं. पुढच्याच वर्षी युनेस्कोनं त्याबद्दल शाबासकी दिली. सोनेरी नक्षी, लाल खुर्च्या, झुंबरं! मी त्या बाल्कनीत बसलो आणि माझ्या मनात आलं, की मधली तेवीस वर्षं इथलाही बसकंडक्टर ‘ऑपेरा हाउस’ असं ओरडतच असेल आणि माणसं उतरतच असतील. मग आपणच काय घोडं मारलं आहे?

गावी परतल्यावर पंधरा दिवसांत समिती स्थापन झाली. गावाला नळाला पाणी नसलं तरी चालतं, पण समिती लागते. अकरा सभासद. अध्यक्ष कापसाचे निवृत्त अडते, उपाध्यक्ष वकीलसाहेब, खजिनदार हेडमास्तर, आणि खिशाला पेन सापडलं म्हणून चिटणीस मी. पहिल्या सभेत वकीलसाहेबांनी परवान्यांची यादी वाचली. सिनेमागृहाचा परवाना कलेक्टरसाहेबांकडून, इमारत पडणार नाही हे सार्वजनिक बांधकाम खात्याकडून, वीज झटका देणार नाही हे विद्युत निरीक्षकाकडून, आग लागणार नाही हे अग्निशमनवाल्यांकडून. शिवाय मालक वारलेले, वारस तीन, आणि तिघांची तोंडं तीन गावांना. “पण आधी,” वकीलसाहेब म्हणाले, “वास्तूचा इतिहास पाहिजे. अर्जाला जोडायला. वारसा म्हणायचं तर इतिहास लागतो.”

सगळ्यांनी पेनाकडे पाहिलं.

असा मी इतिहासकार झालो.

इतिहास लिहायला बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की तो कुठून तरी सुरू करावा लागतो. मी अगदी मुळापासून धरला. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसानं हलती चित्रं दाखवली, आणि आठवड्याभरात तोच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात लागला. दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत. म्हणजे बाल्कनी आणि पीट हा भेद सिनेमाबरोबरच जन्माला आला. पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी बसायची सोय होती, हीही नोंद मी केली आणि पुढे सरकलो. ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यात तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषानं केलं, कारण चेहऱ्याला रंग लावून कॅमेऱ्यापुढे उभी राहायला बाई मिळेना. पुढल्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या आणि तो प्रश्न सुटला.

आमच्या मुलखात सिनेमा कापसाच्या मागोमाग आला. इंग्रजाला वऱ्हाडचा कापूस पाहिजे होता, म्हणून त्यानं यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत ११३ किलोमीटरची अरुंद रूळवाट टाकून घेतली. हीच आमची शकुंतला. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडवलेलं होतं आणि १५ एप्रिल १९९४पर्यंत ते बिचारं धापा टाकत होतं. कापूस जाताना गेला आणि येताना रिकाम्या डब्यांतून बाकीचं जग आलं. त्यात सिनेमाच्या पेट्या होत्या. अमरावतीहून निघालेली पेटी बडनेऱ्याला मोठ्या गाडीत चढायची, मूर्तिजापूरला छोट्या गाडीत, आणि दारव्ह्याला एसटीच्या टपावर. इतक्या ठिकाणी चढउतार करून ती शुक्रवारी दुपारपर्यंत धडपणे पोचली तर ऑपरेटर नारळ फोडायचा.

अमरावतीहूनच का, याचीही एक गंमत आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे नाव १९५० साली सरकारी नकाशातून गेलं, आणि विदर्भ तर १९५६ साली मुंबई राज्यात आला. पण सिनेमाच्या धंद्याला हे कुणी कळवलंच नाही. अमरावती आणि भुसावळच्या वितरकांच्या लेखी हा मुलूख ‘सी.पी. बेरार’च राहिला आणि आजही आहे. उमरखेडकडून पैनगंगा ओलांडून पलीकडे गेलात तर आणखी मजा. तिकडची टेरिटरी ‘निजाम’! निजामाचं राज्य १९४८ साली खालसा झालं, पण नव्या पिक्चरचे हक्क अजून त्याच्या नावानं विकले जातात. सरदार पटेलांनाही जे जमलं नाही ते हेच.

पेटीत सोळा-सतरा रिळं असत. हजार फुटांचं एक रीळ अकरा मिनिटांत संपतं. म्हणून शहाण्या थिएटरात दोन मशिनं असतात, एकावरचं संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकतो आणि ऑपरेटर दुसरं सुरू करतो. आमच्याकडेही दोन मशिनं होती. पैकी एक नेहमी आजारी. त्यामुळे बाकीच्या जगात सिनेमाला एक इंटरव्हल असे, आमच्याकडे सात-आठ. चहावाल्याचा बंगला त्यातूनच उभा राहिला असं म्हणतात. एकदा ऑपरेटरच्या डुलकीत बारावं रीळ अकराव्याच्या आधी लागलं. नायकाची आई आधी वारली, आणि मग अकरा मिनिटं तिनं त्याला पोटभर जेवू घातलं. कुणी हूं की चूं केलं नाही. उलट ती पुन्हा दिसल्यावर पिटातून टाळ्या पडल्या.

मशिनमध्ये दिवा नव्हता, कार्बनच्या दोन कांड्या होत्या. त्यांच्या टोकांमध्ये ठिणगीचा जाळ पेटवायचा आणि कांड्या जळत जातील तसं अंतर सांभाळत बसायचं. अंतर चुकलं की पडद्यावर संध्याकाळ व्हायची. मग “ऑपरेटर, झोपला का बे!” अशी हाळी उठे. आमच्या गावातला लोकशाहीचा पहिला उच्चार हाच असावा.

धंद्याचं सगळं गणित कापसावर. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली आणि कापसाचे पैसे, म्हणजे चुकारे, हप्त्यानं मिळू लागले. हप्ता पडला की टॉकीजवर तिसरा खेळ लागायचा. हप्ता लांबला की दुसराही बंद. अध्यक्षांचं म्हणणं असं, की मुंबईत पिक्चर चांगला की वाईट हे लोक ठरवतात, आमच्याकडे ते सरकी आणि रुई ठरवायची. १९७३ साली यवतमाळला साहित्य संमेलन भरलं आणि ग. दि. माडगूळकर अध्यक्ष म्हणून आले, तेव्हा आमच्या गावचे दहा-पंधरा लोक गेले होते. त्यातल्या निम्म्यांना ते कवी आहेत हे तिथं कळलं. ‘दो आँखें बारह हाथ’ लिहिणारा माणूस पाहायला ते गेले होते.

१९७५ साल तर सोन्याचं. ‘जय संतोषी माँ’ लागला आणि टॉकीजचं देऊळ झालं. लोक चपला बाहेर काढून आत शिरत, पडद्यापुढे पैसे टाकत. त्या आठवड्यात गावातल्या बऱ्याच जणांना नव्या चपला मिळाल्या.

आणि मग उतरती कळा. १९८२ साली रंगीत टीव्ही आला, त्यानंतर दोन-तीन वर्षांत गावोगाव प्रक्षेपणाचे मनोरे उभे राहिले, व्हिडिओ आला, जानेवारी १९८७मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झालं. मी शेवटचं वाक्य लिहिलं: ‘अशा प्रकारे दूरदर्शनने आमच्या टॉकीजचा घास घेतला.’ वाक्य मला फार आवडलं. समितीला तर इतकं, की हेडमास्तरांनी डोळे पुसले.

आता हा इतिहास घरात कुणाला तरी वाचून दाखवायला हवा होता. सौभाग्यवती माझं लेखन ऐकत नाहीत. त्यांना ते जगावं लागतं एवढं पुरे असं त्यांचं म्हणणं. राहिल्या मोठ्या वहिनी. बासष्ट साली त्या लग्न होऊन आमच्या घरी आल्या. आज ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू असल्यामुळे त्यांना वाचून दाखवावंच लागतं. अशी श्रोती भाग्यानं मिळते. मी ल्युमिएरपासून रामायणापर्यंत एका दमात वाचलं. वहिनी गहू निवडत ऐकत होत्या.

“लय चांगलं लिह्यलं भाऊजी,” त्या म्हणाल्या. “पण याच्यात आमी कुठी आहो?”

“आहात ना!” मी पान उलटलं. “हे पाहा. ‘स्त्रियांसाठी स्वतंत्र बैठकव्यवस्था होती.’ पूर्ण वाक्य आहे.”

“एकच?”

मी गप्प बसलो. त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला आणि बोलायला लागल्या. बायकांचं दार दर्शनी नव्हतं, बाजूच्या बोळीत होतं. आतमध्ये डाव्या अंगाला बायकांची बाकं, आणि मधे कापडी पडदा. अंधार झाला की पडदा सरकायचा, उजेड होण्याआधी पुन्हा ओढला जायचा. टॉकीजच्या गच्चीवरच्या भोंग्यावर गाणी लागली की वहिनी भाकरी थापायला घेत. तिसरं गाणं संपेपर्यंत तवा उतरलाच पाहिजे, चौथ्याला पायात चपला.

“तुम्हांला सिनेमाचा एवढा नाद होता, हे मला ठाऊकच नव्हतं,” मी म्हणालो.

“नाद कायचा! मी तं अर्धे पिक्चर पाह्यलेच नाई. झोपत होती मी.”

“झोपत?”

“हाव. घरी सासूबाई, हिरीवर साऱ्या बाया, बजारात मामंजी. लेकरं तं पदराले लटकलेलीच. तीन घंटे कोणी हाक नाई मारत, अशी जागा साऱ्या गावात एकच होती. पदर पडला तरी पाहाले कोणी नाई. मग घरी आल्यावर सासूबाई पुसत, काय होतं वं पिक्चरमंदी? मी आपल्या मनानंच ष्टोरी सांगत होती. त्याईले माह्याच ष्टोऱ्या आवडत.”

मला आठवलं. आई आम्हांला ‘मदर इंडिया’ची गोष्ट सांगायची. त्यात नर्गिस शेवटी पोराला माफ करते आणि त्याचं लग्न लावून देते. शाळेत यावरून मी मार खाल्ला होता. तेव्हा आई चुकली असं वाटलं होतं. मूळ लेखिका आज कळली.

“मग टीव्ही आला आणि हे सगळं गेलं,” मी माझ्या शेवटच्या वाक्याकडे प्रेमानं पाहत म्हणालो.

“टीव्ही?” वहिनींनी सूप खाली ठेवलं. “आपल्या घरी टीव्ही आला पंच्याऐंशीत. मी टॉकीज सोडली त्याच्या पाच-सा वर्सं आंधी. मीच नाई, आमी साऱ्यांनीच.”

कारण विचारलं तर त्यांनी बोटं मोडून सांगितलं. एक, तिकिटं जास्त खपावीत म्हणून मधला पडदा काढला आणि बायकांच्या निम्म्या बाकांवर माणसं बसवली. दोन, पुरुषांसाठी मुतारी होती. बायकांसाठी मागचं आवार, आणि तेही एके दिवशी कुंपण घालून पानठेल्याला भाड्यानं दिलं. तीन तास कसे काढायचे? तीन, खेळ सुटला की बोळीच्या तोंडाशी पोरं उभी राहत. शिट्ट्या मारत, गाणी म्हणत. एकदा कुणाच्या तरी लेकीची ओढणी ओढली गेली, आणि त्या आठवड्यापासून घराघरांतून पोरींचं, मग सुनांचं, मग सगळ्यांचंच टॉकीजला जाणं बंद झालं.

“कोण होती ही पोरं?” मी इतिहासकाराच्या कर्तव्यबुद्धीनं विचारलं, आणि विचारताक्षणीच मला वाटलं, की हा प्रश्न आपण विचारायला नको होता.

“तुमी होते ना त्यात,” वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. “पांढरा बेलबॉटम.”

“अंधारात तुम्हांला...”

“धूत मीच होती तो.”

वाचकहो, शिट्ट्या मी मारल्या होत्या. ओढणी मी ओढली नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण ती ओढली गेली तेव्हा मी हसलो होतो, हेही मला आठवलं. पंचेचाळीस वर्षं मी दूरदर्शनला शिव्या घालत आलो होतो.

त्या रात्री मी इतिहास पुन्हा काढला. फाळक्यांना पडद्यावर बाई आणायला वर्षसुद्धा लागलं नाही. पडद्यासमोर तिला नीट बसवायला आमच्या गावाला शंभर वर्षं पुरली नाहीत. आणि आमची टॉकीज टीव्हीनं मारली हे खरंही असेल, पण टीव्ही आला तेव्हा तिच्या एका अंगावरून वारं आधीच गेलेलं होतं. उरलेल्या अर्ध्या हॉलच्या शिट्ट्यांवर कोणतंही थिएटर किती दिवस चालणार? ‘सैराट’ २०१६ साली आला तेव्हा बंद पडत आलेल्या कितीतरी थिएटरांत रात्री-बेरात्री खेळ लावावे लागले, ते घरंच्या घरं लोटली म्हणूनच. सोळा रिळं आणि दोन मशिनं, एवढ्यानं टॉकीज होत नाही, एवढं तरी मला त्या रात्री कळलं.

पुढच्या सभेत मी नवा मजकूर वाचला. पांढरा बेलबॉटमही वाचला. सभेत अशी शांतता पसरली, की अकरापैकी निदान सात बेलबॉटम मला मोजता आले. पहिले सावरले वकीलसाहेब. “हे सगळं ठीक आहे,” ते म्हणाले, “पण वारशाच्या अर्जात मुतारी शोभत नाही.” यावर तासभर चर्चा झाली. सरतेशेवटी अध्यक्षांनी, म्हणजे ज्यांनी आयुष्यभर मालाची प्रत पाहून भाव लावला, त्यांनी निकाल दिला: “राजेहो, अर्धं गिऱ्हाईक काऊन गेलं हे ज्या वहीत नाही, ती वही कायची?” तेव्हा ठराव क्रमांक एक असा मंजूर झाला, की मशीन, खुर्च्या आणि सिमेंटची अक्षरं यांच्या आधी, मागच्या आवारात स्त्रियांसाठी स्वच्छतागृह बांधावे. ठराव क्रमांक दोन, समितीत स्त्रिया घ्याव्यात. वहिनी आणखी दोघींना घेऊन पुढच्या सभेला आल्या आणि सवयीनं दाराजवळ बसल्या. त्यांना आत बोलवायला मात्र ठराव लागला नाही.

टॉकीज उघडली का? नाही. पोती आहेत तिथंच आहेत. तीन वारसांपैकी दोघांची पत्रं आली आहेत, तिसऱ्याचं येणार आहे. खजिनदार सांगतात, की करमणूक कर २०१७ सालीच गेला आणि सप्टेंबर २०२५पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर पाचच टक्के जीएसटी आहे. आता फक्त तिकीट विकायचं तेवढं बाकी आहे. आम्ही एकच काम पुरं केलं. बोळीतलं बायकांचं दार गंजून बसलं होतं, ते तेल घालून, कानस मारून उघडलं. आतून सोयाबीनचा वास आला आणि दोन मांजरं बाहेर पडली.

गेल्या महिन्यात वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. परवा त्यांना दारव्ह्याला डोळा दाखवून एसटीनं परत आणत होतो. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाल्यापासून वहिनी खिडकीची जागा हक्कानं घेतात. माझं अर्धं तिकीट मी कडेला बसून वापरतो. गाडी वस्तीत शिरली. कंडक्टरनं नेहमीप्रमाणे दोरी धरली आणि विचारलं, “टॉकीजवर उतरणारे आहेत का?”

आमचं घर स्टँडजवळ. मी हललो नाही. पण वहिनी पिशवी सावरून उभ्या राहिल्या आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “हाव, आहो ना!”

“वहिनी, आपलं घर पुढं आहे.”

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “नवा डोळा आहे. ते दार पाहून घेतो.”

मी पिशवी घेतली आणि त्यांच्यामागून उतरलो.